टॅक्स भरून मिळतं काय? तुमच्या रोजच्या वापरातली, मनापासून आवडणारी एखादी सरकारी सेवा सांगा

मुलुंडकरीण:
जुलै आला की आमच्या ऑफिसात डबे उघडताना एकच विषय, रिटर्न भरलंस का, किती कापले, आणि मग ते ठरलेलं वाक्य, एवढा टॅक्स भरून आपल्याला मिळतं काय तर खड्डे. खड्ड्यांचं खरंच आहे, त्यावर मी पण भांडते, वॉर्ड ऑफिसला फोटो पाठवत असते. पण काहीच मिळत नाही हे मला पटत नाही, म्हणून इथे विचारतेय.

माझं स्वतःचं उत्तर पाणी. मुलुंडला वाढले, तानसाच्या त्या जाडजूड पाइपलाइनच्या कडेकडेने शाळेत जायचो आम्ही. तानसाचं धरण १८९२ चं, म्हणजे आजीच्या आजीच्या वेळचं, आणि अजून त्याचं पाणी आपल्या नळाला येतंय. मुंबईला सात तलावांतून पाणी येतं, त्यातले विहार आणि तुळशी तेवढे शहरात, बाकी तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा हे सगळे ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत लांब कुठेतरी. वैतरणा-तानसाकडचं बरंचसं पाणी नुसत्या उतारावर भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचतं आणि भातसाचं पिसेला पंपाने उचलून घ्यावं लागतं. रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरच्या वर पाणी, आणि हजार लिटरचे घरगुती दराने दहा रुपयेसुद्धा होत नाहीत. स्टेशनवर एक बाटली घेतली तर त्याच्या दुप्पट जातात.

आमच्या गल्लीत पहाटे पालिकेचा चावीवाला येतो. हातात लांब लोखंडी चावी, वरती आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण उचलतो, चावी खाली व्हॉल्व्हवर बसवतो आणि आटे मोजत फिरवतो. मी एकदा विचारलं की मोजता कशाला, तर म्हणाले एक आटा कमी पडला की चढावरच्या चाळीत वरच्या मजल्याला पाणी चढत नाही आणि जास्त झाला की पुढच्या गल्लीचं प्रेशर जातं. अंधारात, पावसात, दिवाळीच्या पहाटे पण हा माणूस आटे मोजत असतो आणि आपण सात वाजता नळ उघडतो.

तर तुमचं सांगा. योजनांच्या जाहिराती नकोत, नेत्यांची नावं नकोत, तुमच्या घराला रोज लागणारं सांगा. त्यामागे आत काय काम चालतं ते माहीत असेल तर अजून छान.

शहापूरवाला:
ताई, छान लिहिलंय, आणि हे तुमच्यावर टीका म्हणून घेऊ नका. तानसा आणि भातसा दोन्ही आमच्या तालुक्यात. पाइपलाइन आमच्या गावाच्या बाजूने जाते आणि एप्रिल-मे मध्ये आमच्या पाड्यांवर टँकर येतो. टँकर आला की विहिरीत ओततात आणि मग बायका कळशीने शेंदतात. टँकरपण करातूनच येतो, ड्रायव्हर बिचारा घाटातल्या कच्च्या रस्त्याने दिवसाला किती फेऱ्या मारतो मी बघितलंय, त्याचे उपकारच आहेत. भावली धरणातून आमच्याकडे पाणी आणायच्या योजनेकडे सगळे डोळे लावून बसलेत. मुंबईच्या लोकांनी नळाचं कौतुक जरूर करावं, फक्त ते पाणी कोणाच्या जमिनी बुडवून आलंय आणि त्या लोकांच्या घरी नळ आला की नाही, हे पण पालिकेला आणि सरकारला विचारत राहा. तुम्ही विचारलं तर ऐकतात, आमचा आवाज तिथवर पोचत नाही.

मुलुंडकरीण:
दादा, अगदी बरोबर. हे धाग्यात यायलाच हवं होतं.

उपकेंद्रातली सिस्टर:
मी एएनएम आहे, सातारा जिल्ह्यात. आमच्या कामाबद्दल कोणी आत काय चालतं असं विचारत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाळाला अंगणवाडीत लस टोचली, बाळ रडलं, आईने पदराखाली घेतलं, एवढंच लोकांना दिसतं. त्याच्याआधी ती लस कंपनीपासून आमच्या हातात येईपर्यंत सतत थंड ठेवावी लागते, दोन ते आठ डिग्री. प्राथमिक आरोग्य केंद्रात खास फ्रीज असतो, लाइट गेली तरी आतल्या बर्फाच्या अस्तरामुळे बराच वेळ थंड राहतो, आणि त्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं, रविवार असला तरी. सत्राच्या दिवशी निळ्या व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये चार आइसपॅक घालून लस न्यायची. आता लोकांना वाटतं बर्फ जेवढा कडक तेवढं चांगलं, तसं नाही. पेंटाव्हॅलंट वगैरे लसी गोठल्या की वाया जातात, म्हणून आइसपॅक आधी बाहेर काढून ठेवायचे आणि कानाशी हलवून बघायचं, आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच कॅरिअरमध्ये भरायचे. पहाटे उठून मी आणि शिपाईमामा तेच करत असतो, कानाशी आइसपॅक लावून.

कुपीवर एक छोटा गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चालते, दोन्हीचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला की फेकायची. कुपीला वाटेत ऊन लागलं की ते तिथे कळतं. पुढच्या वेळी बाळाला घेऊन गेलात तर सिस्टरला म्हणा कुपी दाखवा, आम्हाला राग येत नाही उलट बरं वाटतं. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी एकदा कालवली की चार तासांत संपवायची नाहीतर टाकून द्यायची. एका बाळासाठी पूर्ण कुपी फोडावी लागली तरी फोडतो, परत पाठवत नाही.

२०२१ पासून न्यूमोनियाची ती महागडी न्यूमोकोकल लस पण सरकारी सत्रात फुकट मिळते. खासगीत त्याच लसीला हजारो रुपये मोजणाऱ्या आया मी बघते, ज्याची त्याची निवड, पण ही लस सत्रातही मिळते हे माहीत तरी असू दे. आणि आशाताईंना विसरू नका. कोणाच्या घरी कुठलं बाळ किती महिन्यांचं झालं हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं, त्या घरी जाऊन बोलावून आणतात म्हणून आमचं सत्र भरतं. त्यांचं मानधन वेळेवर आणि पुरेसं मिळायला हवं, हे तुम्ही टॅक्स भरणाऱ्यांनी जोरात बोला.

सोयाबीनचं शिवार:
सिस्टर, तुम्हाला मनापासून धन्यवाद. माझ्या दोन्ही लेकरांच्या लसी अंगणवाडीतच झाल्या.

माझं उत्तर एसटी. वाशिम जिल्ह्यात आमचं गाव फाट्यापासून आत आहे. रात्री मुक्कामी गाडी येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, देवळाच्या ओसरीवर नाहीतर गाडीतच, आणि सकाळी सहाला तीच गाडी तालुक्याला निघते. त्या गाडीत कोण कोण असतं सांगू का, कॉलेजच्या पोरी, कोर्टाची तारीख असलेला म्हातारा, दवाखान्यात निघालेली बाळंतीण, मागच्या बाजूला कोणाची तरी भाजीची पोती. आमच्याकडे अकरावी-बारावी फक्त तालुक्याला. गाडी बंद पडली की आधी पोरींची शाळा सुटते, पोरं काय, कोणाच्याही मोटारसायकलवर बसून जातात. म्हणून बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे त्याची किंमत आमच्यासारख्यांना विचारा. माझी लेक त्याच पासवर शिकली, आता नर्सिंग करते.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली असं शाळेत वाचलेलं. आता ७५ च्या वरच्या म्हाताऱ्यांना तिकीट नाही आणि २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. बरेच जण म्हणतात महामंडळ यानेच डबघाईला आलं, तर सवलतीचे पैसे महामंडळाला सरकार भरून देतं, म्हणजे तुमच्या आमच्या करातून. यायला उशीर होतो तो भाग वेगळा. माझी सासू आता महिन्यातून एकदा तरी माहेरी जाऊन येते, याआधी भाड्यासाठी पोरापुढे हात पसरावा लागायचा आणि तिला ते नको वाटायचं, म्हणून ती जायचीच नाही. हे सगळं हिशोबाच्या कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला माहीत नाही पण माझ्या घरात ते रोज दिसतं.

आणि एक, टॅक्स फक्त पगारवाले भरतात असं इथं शहरातली माणसं लिहितात ते जरा थांबवा. आम्ही साबण घेतो, मोबाईलचं रिचार्ज मारतो, फवारणीचं औषध घेतो, पेट्रोल टाकतो, सगळ्यावर कर आहे. रिटर्न भरत नाही एवढंच.

हिंजवडी ते घर:
मी विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नका. पुण्याच्या कडेला आमची सोसायटी आहे. मालमत्ता कर दरवर्षी वेळेत भरतो आणि वर वर्षभर खासगी टँकरचं बिल सोसायटी भरते, ते मेंटेनन्समधून माझ्याच खिशातून जातं. पोराची फी वेगळी, आरोग्य विमा वेगळा, सिक्युरिटी वेगळी. प्रत्येक गोष्टीला दोनदा पैसे मोजतोय असं वाटतं आणि ते नुसतं वाटणं नाहीये, हिशोब मांडला तर तसंच निघतं. एका दाखल्यासाठी एका सरकारी ऑफिसात मला उद्या या, परवा या करत महिनाभर फिरवलं, कारण कोणी सांगेना. त्यामुळे असे कौतुकाचे धागे वाचले की मला भीती वाटते की आपण थोडक्यात समाधान मानायला शिकतोय. एसटीचा पास चांगला आहे, मान्य, पण गाडीच आली नाही तर पासाचं काय करायचं? पैसे घेताय तर सेवा द्या, आभार कसले मानायचे, हा माझा सरळ प्रश्न आहे.

निवृत्त मास्तर:
हिंजवडीकर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारायचा तुमचा हक्क आहे. दाखल्याचं आधी सांगतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित दाखल्यांना मुदत ठरवून दिलेली असते, ती कार्यालयात फलकावर लावायची असते. अर्ज करताना पोच घ्या. मुदतीत दाखला दिला नाही तर त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर थेट सेवा हक्क आयोग. कारण नसताना अडवलं तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज केला की तारीख आपोआप नोंदली जाते. पोच नसली की आपली बाजू लुळी पडते, म्हणून तेवढं सांभाळा.

आता माझी आवडती सेवा. ती रोज दिसत नाही, पण तिचे पैसे तुमच्यातले बरेच जण दर महिन्याला भरतात. पगाराच्या स्लिपवर पी.टी. म्हणून दोनशे रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. व्यवसाय कर. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली का लावला माहीत आहे का? रोजगार हमीसाठी.

आम्ही बीड जिल्ह्यातले. बाहत्तरचा दुष्काळ मी शाळकरी वयात पाहिला. जनावरं विकून झाली, काही तशीच सोडून दिली. रेशनला तांबडी मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापली की फाटायची. आई खडी फोडायच्या कामावर जायची. सकाळी पाटी आणि हातोडी घेऊन निघायची, दगड धरायच्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, तरी संध्याकाळी नखं काळी झालेली असायची. उन्हात दगडावर हातोडी मारत बसलेल्या बायकांची रांगच्या रांग, मधेच कोणाचं तरी तान्हं काठीला बांधलेल्या झोळीत. कारकून येऊन ढीग मोजायचा, त्यावर मजुरी. दुपारी सुकडी मिळायची, आई ती स्वतः न खाता पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. कष्ट फार होते, पण ते काम होतं म्हणून आम्ही गाव सोडलं नाही आणि मी शाळा सोडली नाही.

या हमीची कल्पना वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती होते. तासगावकडे आधी प्रयोग झाला, मग दुष्काळात राज्यभर कामं निघाली आणि १९७७ मध्ये कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम देता आलं नाही तर भत्ता. खर्चाची सोय अशी की शहरातल्या नोकरदारांकडून, व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि जेवढा तो जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. मुंबईतला बँकेतला कारकून गेवराईच्या मजुराच्या कामाचे पैसे देतो, असं कायद्यात बसवलेलं. बाईला आणि पुरुषाला सारख्या कामाला सारखी मजुरी. पुढे २००५ साली देशभराचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राच्या याच अनुभवाचा आधार होता.

आमच्या गावाशेजारी त्या काळातला पाझर तलाव आहे. दिसायला काही नाही, नुसता मातीचा बांध, त्यावर आता बाभळी वाढल्यात. पण त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं आणि वरच्या अंगाच्या दिवाळीलाच तळ दाखवतात. हिंजवडीकर, तुमचे ते दोनशे रुपये कुठे जातात असं कोणी विचारलं तर असे बांध दाखवता येतात. हजेरीपटावर खोटी नावं पण होती, बिलं पण खाल्ली लोकांनी, ते मी लपवत नाही. त्यासाठी मोर्चे निघाले, मजुरांच्या संघटनांनी बाया-माणसं तहसीलवर नेली, आणि काम काढायला लावलं. आभार मानायचे की हक्क मागायचा असा प्रश्न त्या बायकांना पडला नाही, त्यांनी काम मागितलं आणि केलं.

हिंजवडी ते घर:
सर, पी.टी. रोजगार हमीसाठी होता हे खरंच माहीत नव्हतं, इतकी वर्षं कापला जातोय. आईंबद्दल वाचून गलबललं. पोर्टलचं करतो उद्याच. माझा मुद्दा मात्र मी सोडत नाही, शहराच्या कडेला वाढलेल्या वस्तीला पाणी देणं हे पालिकेचं काम आहे आणि ते होत नाहीये.

निवृत्त मास्तर:
सोडूच नका. दरवर्षी पालिकेचं अंदाजपत्रक निघतं त्यात पाणीपुरवठ्याचं पान काढून बघा तुमच्या भागाला काय तरतूद आहे. सोसायट्यांनी मिळून ते पान घेऊन नगरसेवकापुढे बसा.

दादरचा जुना:
घरपट्टीचं बिल कोणी नीट वाचतं का? मुंबईत बघा, सर्वसाधारण कर वेगळा, मलनिःसारणाचा वेगळा, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर, सगळ्या ओळी वेगळ्या छापलेल्या असतात. दुकान-ऑफिसच्या बिलावर रोजगार हमी उपकर पण असतो, मास्तर म्हणतात त्याच कारणासाठी. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफी आहे. माझं मत मागाल तर मी अग्निशमन दलाला पहिला नंबर देईन. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत स्फोट झाला त्यात दलाचे ६६ जवान गेले, माझे आजोबा त्या दिवशी मस्जिद बंदरला होते आणि मरेपर्यंत ते जवानांबद्दल बोलायचे. भायखळ्याच्या मुख्यालयावरून जाताना आमच्या घरातली माणसं अजून हात जोडतात.

तांबडी माती:
कोकणातून लिहितोय, महाडच्या बाजूने. आमच्याकडे लावणीच्या दिवसात साप म्हणजे रोजचंच. काकाला बांधावर गवत काढताना घोणस चावली. पायाला सूज, हिरड्यांतून रक्त. जुनं माणूस मांत्रिकाकडे चला म्हणत होतं, चुलत भावाने ऐकलं नाही, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं.

तिथल्या डॉक्टरने काय केलं ते मी समोर उभं राहून बघितलं. काकाचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं, नळी स्टँडला उभी केली आणि सांगितलं वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत बसलेलो. वीस मिनिटांनी त्याने नळी हळूच आडवी केली, आतलं रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. म्हणजे विष रक्तात पसरलेलं. लगेच सलाईनमधून प्रतिविष चालू केलं, दहा कुप्या, आणि शेजारी इंजेक्शन भरून ठेवलं, कारण त्या औषधाची पण कधी कधी रिअ‍ॅक्शन येते. मग १०८ ला फोन. गाडीत डॉक्टर होता, त्याने पुढचं मोठ्या हॉस्पिटलपर्यंत बघितलं. काका आता परत गुरं हाकतो. कुठेही पैसे विचारले नाहीत.

ते प्रतिविष बनवायला घोड्याला थोडं थोडं विष टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेला अंश काढून शुद्ध करतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही सापांवर एकच औषध, म्हणजे साप कुठला होता हे कळलं नाही तरी चालतं. राज्य सरकारची हाफकिन संस्था ते बनवत आलीय. १०८ ची सेवा २०१४ ला सुरू झाली तेव्हा राज्यभर ९३७ गाड्या होत्या. आमच्या घाटातल्या वाडीवर यायला वेळ लागतो, अजून गाड्या हव्यात हे आहेच.

आणि डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव इथे यायला पाहिजे. १९७६ च्या सुमारास ते आमच्या बिरवाडीच्या सरकारी केंद्रात होते. तेव्हा लाल विंचू चावला की गावात रडारड सुरू व्हायची, पोरं तर हमखास जायची. बावस्करांनी रात्र रात्र पेशंटजवळ बसून नाडी-रक्तदाब लिहून ठेवले, आणि रक्तदाबाची प्राझोसिन नावाची गोळी विंचूदंशावर चालते हे दाखवून दिलं. शंभरातले चाळीस जायचे तिथे आता एखादाच जातो. जगभर आता ही गोळी वापरतात. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. हे संशोधन कुठल्या भारी हॉस्पिटलात झालेलं नाही, तालुक्याच्या खालच्या सरकारी केंद्रात, करातून पगार घेणाऱ्या डॉक्टरने केलेलं आहे. माझी आजी त्यांचं नाव देवासारखं घ्यायची.

ड वर्ग:
छोटंसं लिहितो. आमच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे, ड वर्गाचं, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे अनुदान मिळतं. अनुदान तुटपुंजं, ग्रंथपालाला मिळतात ते पैसे सांगायला पण लाज वाटेल, तरी ते काका रोज संध्याकाळी कुलूप उघडतात. एक ट्यूबलाइट, चार बाकं, सगळे पेपर. मी आणि माझे मित्र तिथे बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला, घरात एका खोलीत सहा माणसं होतो. मी आता तलाठी आहे. लोक तलाठ्याला काय काय बोलतात ते मला माहीत आहे, म्हणून माझ्या सजात, म्हणजे माझ्याकडच्या गावांच्या ऑफिसात, आलेल्या माणसाला मी परत पाठवत नाही.

कोयता:
सिस्टर वाचत असतील तर विचारायचं होतं. आम्ही मास्तरांच्याच जिल्ह्यातले, ऊसतोडीला जातो. दिवाळीनंतर टोळी निघेल, परत यायला मार्च-एप्रिल. पोरगी आता दोन महिन्यांची आहे, दीड महिन्याची लस झालीय. पुढच्या लसी तिकडं फडात असताना कशा करायच्या? मागच्या वेळी थोरल्याच्या राहून गेल्या आणि मग गावात कोणी म्हणालं पहिल्यापासून सगळं परत करावं लागेल, म्हणून बायको नेतच नव्हती.

उपकेंद्रातली सिस्टर:
दादा, बरं झालं विचारलंत. पहिल्यापासून परत काही करावं लागत नाही. राहिला असेल तिथून पुढचा डोस देतात, मध्ये कितीही दिवस गेले तरी. थोरल्याचं वय आणि कार्ड घेऊन निघायच्या आधी तुमच्या उपकेंद्रात जा, काय राहिलंय ते सिस्टर बघून सांगतील आणि वयाप्रमाणे जे बसतं ते देतील.

धाकटीचा पुढचा डोस अडीच महिन्यांचा आहे, तो तर निघायच्या आधीच बसेल. मग साडेतीन महिन्यांचा, आणि नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. फडात असताना जो येईल तो जवळच्या कुठल्याही सरकारी केंद्रात किंवा अंगणवाडीत मिळतो, जिल्हा दुसरा असो नाहीतर राज्य दुसरं असो, कर्नाटकात गेलात तरी. आधार नाही, रहिवासी दाखला नाही म्हणून लस नाकारायची नसते. माता-बाल संरक्षण कार्ड तेवढं जपा, टोपलीत ठेवलं तर पाण्याने खराब होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा आणि दोन्ही पानांचा फोटो मोबाईलमध्ये काढा, बायकोच्या पण आणि तुमच्या पण. कारखान्याच्या भागात मुलांच्या लसीकरणासाठी फडावर जाऊन पण सत्रं घेतली जातात, मुकादमाला आणि तिथल्या आशाताईला पोचल्या पोचल्या सांगा की आमच्याकडे लहान बाळ आहे. यंदाचा कारखाना ठरला की तुमच्या गावच्या आशाताईला त्याचं नाव आणि तालुका सांगून जा.